क्रिएटिव्ह क्षेत्रातल्या भरतीत करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिरात संस्था, डिझाइन स्टुडिओ, अॅनिमेशन, व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्यं) आणि गेमिंग यांच्यासाठी माणसं शोधायचं काम करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पगार, फी आणि नोंदण्यांचे तपशील मुख्यतः मुंबई-पुण्याच्या बाजारातले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्रिएटिव्ह क्षेत्रातला रिक्रूटर नेमकं काय करतो? आयटीतल्या भरतीपेक्षा यात वेगळं काय?

रोजचं काम सारखंच असतं. रिकामी जागा समजून घ्यायची, माणसं शोधायची, तीन-चार नावं क्लायंटपुढे ठेवायची, पगाराची बोलणी जमवायची आणि माणूस रुजू होईपर्यंत पाठपुरावा करायचा. फरक निवडीत आहे. ‘पाच वर्षं अनुभव, फोटोशॉप, इलस्ट्रेटर’ असे अगदी एकसारखे दोन सीव्ही असतात, पण काम उघडलं की दोघांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. इथे आधी काम बघायचं, मग कागद. ज्याला काम बघता येत नाही, तो फक्त सीव्ही इकडून तिकडे पाठवत राहतो आणि वर्षभरात क्लायंट त्याचे मेल उघडायचं बंद करतात. काम बघायला शिकणं हाच या करिअरचा पाया आहे. म्हणून प्रश्न ६ आणि ७ ची उत्तरं सर्वांत लांब आहेत.

२. म्हणजे कास्टिंग डायरेक्टरचंच काम ना?

नाही. कास्टिंगमध्ये एका निर्मितीपुरते कलाकार निवडतात, ऑडिशन घेतात आणि मोबदला त्या प्रोजेक्टपुरता असतो. सेटवरचे तंत्रज्ञ आणि कामगार बहुतांश विभागप्रमुखांच्या ओळखीतून आणि फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजशी संलग्न संघटनांतून येतात. तिथे रिक्रूटरला फारसा वाव नाही. तुमचं क्षेत्र म्हणजे पगारावर किंवा रिटेनरवर (पगाराऐवजी दरमहा ठरलेल्या फीवर) भरली जाणारी पदं: कॉपीरायटर, आर्ट डायरेक्टर, डिझायनर, मोशन ग्राफिक आर्टिस्ट, कंपोझिटर (वेगवेगळी दृश्यं एका शॉटमध्ये बेमालूम जुळवणारा), अॅनिमेटर, एडिटर, क्लायंट सर्व्हिसिंग, प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर.

३. मला चित्र काढता येत नाही. एमबीएही नाही. तरी जमेल का?

जमेल. यासाठी ठरावीक पदवी लागत नाही. एचआरची पदवी घेतलेले येतात, मास मीडिया केलेले येतात, आणि सर्व्हिसिंग किंवा प्रॉडक्शन कोऑर्डिनेशनमधून आलेले तर फार लवकर तयार होतात, कारण त्यांनी डेडलाइन आणि क्रिएटिव्ह माणसांचे स्वभाव दोन्ही जवळून पाहिलेले असतात. चित्र काढता आलं नाही तरी बिघडत नाही. डोळा मात्र तयार करावा लागतो, आणि तो पाहूनपाहूनच तयार होतो. मुंबईत सर जे. जे. उपयोजित कला संस्थेचं वार्षिक प्रदर्शन असतं, पुण्यात अभिनव कला महाविद्यालयाचं असतं. तिथे एक अख्खी दुपार काढा. दर टेबलाशी थांबून विद्यार्थ्याला ‘हे असंच का केलं?’ एवढंच विचारा. ज्याचं उत्तर ‘छान दिसतं म्हणून’ यापलीकडे जातं, त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. तीन वर्षांनी ती वही उपयोगी पडते.

४. पहिली नोकरी कन्सल्टन्सीत करावी की एखाद्या स्टुडिओच्या एचआरमध्ये?

शिकण्यासाठी कन्सल्टन्सी. पहिल्या वर्षात दहा-बारा कंपन्यांचे ब्रीफ (कसा माणूस हवा याची माहिती) हाताखालून जातात आणि कुठे कसं काम चालतं हे कळतं. तिथे टार्गेट असतं, पगाराचा काही भाग इन्सेन्टिव्हवर असतो आणि दिवसाला पंचवीस-तीस फोन करावे लागतात. फोनचा कंटाळा असेल तर हे काम निवडू नका. स्टुडिओत एकाच घराचं काम खोलवर कळतं. विभागाचा लीड शेजारीच बसलेला असल्यामुळे शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) बघायला तिथे फार चांगलं शिकता येतं. दोन वर्षं कन्सल्टन्सी आणि मग स्टुडिओ हा क्रम बहुतेकांना मानवतो. मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही विचाराच: ‘उमेदवाराचं काम मी स्वतः बघायचं, की फक्त सीव्ही गोळा करायचे?’ दुसरं उत्तर मिळालं तर ती जागा सोडा.

५. पदांच्या नावांचा गोंधळ होतो. व्हिज्युअलायझर, आर्ट डायरेक्टर आणि स्टुडिओ आर्टिस्ट यांत फरक काय?

आर्ट डायरेक्टर कॉपीरायटरबरोबर बसून कल्पना काढतो आणि ती कशी दिसेल हे ठरवतो. व्हिज्युअलायझर ती कल्पना पडद्यावर किंवा कागदावर उभी करतो. स्टुडिओ आर्टिस्ट, म्हणजे पूर्वीचा डीटीपीवाला, ती छपाईला जाण्याजोगी करतो: मापं, ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), रंग, फॉन्ट. कॉपीच्या बाजूला ज्युनिअर कॉपीरायटरपासून सुपरवायझर, ग्रुप हेड, असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर, क्रिएटिव्ह डायरेक्टर अशी चढण असते. व्हीएफएक्समध्ये ज्युनिअर, मिड, सीनिअर, लीड, सुपरवायझर. प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर हा आर्टिस्ट नव्हे. तो शॉट कुणाकडे आहे आणि कधी सुटणार याचा हिशेब ठेवतो.

पदाच्या नावावर विसंबू नका. सात जणांच्या एजन्सीतला ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’ चार वर्षांच्या अनुभवाचा असू शकतो. दोन गोष्टी विचारल्या की खरी पातळी कळते: तुमच्या हाताखाली किती जण आहेत, आणि क्लायंटसमोर काम कोण मांडतं?

६. डिझायनरचा पोर्टफोलिओ कसा वाचायचा? मला सगळेच छान वाटतात.

पहिल्या मिनिटात मत बनवू नका. नुसता वरपासून खालपर्यंत नजरेखालून घाला आणि बंद करा. नंतर काय आठवतं ते लिहा. काहीच आठवत नसेल तर तीही नोंदच आहे. मग तीन प्रोजेक्ट निवडा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

एकच कल्पना होर्डिंगवर, वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर, अशी तिन्ही ठिकाणी टिकते का? अनेकांचं होर्डिंग सुंदर असतं, पण मोबाइलवर तेच चित्र नुसतं आक्रसलेलं दिसतं. मजकूर खरा आहे की भरताड लॅटिन? खऱ्या मजकुरात किंमत, अटी, पत्ता, लोगो हे सगळं बसवावं लागतं, आणि हात तिथेच दिसतो. पॅकेजिंग असेल तर पाकिटाची मागची बाजू दाखवली आहे का ते बघा. समोरची बाजू कुणीही करतं. घटक पदार्थ, बारकोड आणि पत्ता नीट मांडणारा माणूस नोकरीत टिकतो.

मराठी मजकूर असेल तर थांबा आणि अक्षरं वाचा. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर चालू केला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेला दिसतो आणि रफार भलत्याच जागी जातो. श्रीलिपीतला (जुन्या फॉन्ट प्रणालीतला) मजकूर युनिकोडमध्ये बदलताना अशाच चुका राहून जातात. पोर्टफोलिओत तशी ओळ असेल तर त्या माणसाला मराठी येत नाही, किंवा येऊनही त्याने वाचून पाहिलेलं नाही. मराठी ग्राहकासाठी काम करणाऱ्या ब्रँडला दोन्ही चालत नाही. उमेदवाराला हे सांगा. बहुतेक जण दोन दिवसांत दुरुस्त करतात, आणि कसं करतात तेही बघायला मिळतं.

स्टुडिओ आर्टिस्टच्या बाबतीत पोर्टफोलिओपेक्षा त्याची उघडी फाइल बोलते. लेयरना नावं आहेत का, बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आहे की चार रंगांत पसरलाय? चार रंगांतला बारीक मजकूर छपाईत जरा सरकला की अक्षरांना रंगीत सावली येते.

कॉलेजातलं काम ‘विद्यार्थी प्रकल्प’ असं लिहून दाखवलं असेल तर त्यात गैर काही नाही. तेच नामांकित ब्रँडची मोहीम म्हणून दाखवलं असेल तर प्रश्न ८ पहा.

७. व्हीएफएक्सची शोरील बघताना काय बघायचं? मला त्यातलं तंत्र कळत नाही.

आधी आवाज बंद करा. दणदणीत संगीतावर साधा शॉटही भारी वाटतो. मग शोरीलबरोबर शॉटनिहाय यादी आली आहे का ते बघा: कोणता शॉट, त्यात माझं काम कोणतं, सॉफ्टवेअर कोणतं. यादी नसेल तर शोरील बघण्याआधी ती मागवा. एका शॉटवर दहा जणांचे हात लागलेले असतात. लांबी साठ ते नव्वद सेकंद पुरे.

विभागानुसार नजर बदलते. रोटो आर्टिस्ट फ्रेमगणिक कड आखून आकृती वेगळी काढतो. त्याच्या शोरीलमध्ये माणसाच्या आकृतीवर रंगीत मॅट (वेगळ्या काढलेल्या भागाचा थर) दिसायला हवा. व्हिडिओ थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे न्या. यूट्यूबवर थांबवलेल्या व्हिडिओत पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाची दाबली की मागे. खांद्याची कड फ्रेमगणिक थरथरत असेल तर रोटो कच्चा आहे. हात वेगाने फिरतो तिथे कड धूसर व्हायला हवी. ती कात्रीने कापल्यासारखी धारदार राहिली असेल तर मोशन ब्लर जमलेला नाही. केसांच्या बटांवर वेळ दिलाय की टोपी घातल्यासारखा एकच गोल काढलाय, तेही बघा.

मॅचमूव्हमध्ये, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवण्याच्या कामात, जमिनीवर ठेवलेले शंकू किंवा चौकटीचा पट बघा. कॅमेरा फिरताना ते जागेवर चिकटून राहिले पाहिजेत, घसरता कामा नयेत. कंपोझिटिंगमध्ये आत बसवलेल्या गोष्टीचा काळा रंग आणि मूळ दृश्यातला काळा रंग जुळतात का, आणि दोन्हींकडे दाणा (चित्रातली बारीक खरखर) सारखा आहे का, हे तपासा. अॅनिमेशनमध्ये वजन बघायचं. पात्र पाऊल टाकतं तेव्हा कंबर खाली येते का, की ते हवेत तरंगत चालतं?

अंतिम निवड विभागाचा लीडच करणार. तुमचं काम चाळीसातून चार काढायचं आहे. नाकारलेल्या शोरीलचं कारणही एका ओळीत लिहून ठेवा आणि लीडला महिन्यातून एकदा दाखवा. तुमचा डोळा कुठे चुकतो हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही.

८. दाखवलेलं काम त्याचंच आहे हे कसं ओळखायचं?

‘तुमच्याकडे काय आलं, तुम्ही काय केलं आणि पुढे कुणाला दिलं?’ हे विचारा. ज्याने काम केलेलं असतं, त्याला क्लायंटचे बदल, सहावं व्हर्जन आणि रात्री अडकलेला रेंडर हे सगळं आठवत असतं. ज्याने केलेलं नसतं, तो संकल्पनेबद्दलच बोलत राहतो. शंका राहिली तर स्क्रीन शेअर करून मूळ फाइल किंवा आधीची नाकारलेली व्हर्जन दाखवायला सांगा. काम गोपनीयतेखाली असेल तर हा आग्रह धरू नका (प्रश्न १९).

सीव्हीतली एजन्सीची नावं वाचताना घाई नको. जे. वॉल्टर थॉम्प्सनचं वंडरमन थॉम्प्सन झालं आणि २०२४ पासून ते व्हीएमएल झालं. त्याच खुर्चीत बसून आठ वर्षं काम केलेल्या माणसाच्या सीव्हीत तीन कंपन्या दिसू शकतात. ऑम्निकॉम या जाहिरात समूहाने नोव्हेंबर २०२५ मध्ये इंटरपब्लिक या दुसऱ्या समूहाचं अधिग्रहण पूर्ण केल्यावर डीडीबी, एफसीबी आणि मलनलो या नावांचंही तेच होऊ लागलं आहे. ‘सारखा नोकऱ्या बदलतो’ असा शेरा मारण्याआधी तारखा आणि पत्ता जुळवून पहा.

९. एआयने बनवलेल्या चित्रांचं काय करायचं?

दोन बाजूंना दोन प्रश्न विचारा. क्लायंटला: तुमच्याकडे एआयचा वापर कुठपर्यंत चालतो? काही स्टुडिओ कच्च्या कल्पनेपुरता मान्य करतात, काही अजिबात नाही. उमेदवाराला: यात कोणता भाग तुमच्या हातचा आहे? मोकळेपणाने सांगणारा माणूस चालतो. लपवणारा मात्र पहिल्याच बदलाला अडकतो, कारण ‘तोच चेहरा ठेवून हात खाली घ्या’ असं सांगितल्यावर त्याच्याकडे फाइलच नसते.

१०. क्लायंटकडून ब्रीफ घेताना काय विचारू? जेडी (पदाचं वर्णन) तर मेलवर आलेलाच असतो.

जेडीत बहुधा गेल्या वेळचाच मजकूर चिकटवलेला असतो. ज्याच्या हाताखाली माणूस काम करणार त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलल्याशिवाय काम सुरू करू नका. एचआरने एक सांगितलं आणि क्रिएटिव्ह डायरेक्टरला दुसरंच हवं होतं, असं झालं की आठ पोर्टफोलिओ वाया जातात आणि आठ उमेदवार दुखावतात.

विचारायचं ते असं: जागा नवी आहे की कुणी सोडून गेलं? सोडलं तर का? कोणत्या ब्रँडवर काम? बजेटची कमाल मर्यादा किती, आणि फार चांगला माणूस मिळाला तर ती ताणता येईल का? शनिवार चालू असतो का? ऑफिस कोणत्या स्टेशनजवळ? टेस्ट आहे का, आणि किती तासांची? शेवटचा होकार कुणाचा? सर्वांत उपयोगी प्रश्न हा: ‘तुम्हाला आवडलेल्या तीन कामांच्या लिंक पाठवाल?’ त्या तीन लिंक जेडीच्या दोन पानांपेक्षा जास्त सांगतात. ‘डिझाइन, व्हिडिओ, सोशल मीडिया सगळं करणारा’ असा माणूस मागितला तर सोमवार ते शुक्रवार तो दररोज नेमकं काय करणार, हे क्लायंटकडूनच लिहून घ्या. लिहिताना बहुतेकांना कळतं की ही दोन माणसांची कामं आहेत.

११. चांगली माणसं सापडतात कुठे?

डिझाइन आणि आर्टसाठी बेहान्स, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी आर्टस्टेशन, सर्व्हिसिंग आणि वरच्या पदांसाठी लिंक्डइन, स्टुडिओ आर्टिस्ट आणि डीटीपीसाठी नोकरी डॉट कॉम. नवोदितांसाठी जे. जे., रचना संसद, आयआयटी मुंबईचं आयडीसी, अहमदाबादचं एनआयडी, पुण्यातलं सिंबायोसिस आणि एमआयटीचं डिझाइन शिक्षण, पणजीचं गोवा कला महाविद्यालय. एडिटिंग आणि ध्वनीसाठी पुण्याची एफटीआयआय. पुरस्कारांच्या याद्यांमधली श्रेयं आणि मालिकांच्या शेवटची नावं नीट वाचणारे रिक्रूटर थोडे आहेत, त्यामुळे तिथे गर्दी कमी असते.

पहिला संदेश छोटा आणि नेमका असू द्या: ‘नमस्कार, बेहान्सवरचं तुमचं मसाल्याच्या पाकिटांचं काम पाहिलं. मागच्या बाजूची मांडणी विशेष आवडली. अंधेरीतल्या एका डिझाइन स्टुडिओत सीनिअर डिझायनरची जागा आहे, पगार वार्षिक ८ ते १० लाख. बोलायला आवडेल का?’ पगाराचा आकडा पहिल्याच संदेशात दिला की दोघांचाही वेळ वाचतो.

१२. मराठी कॉपीरायटर मिळतच नाहीत. काय करावं?

आधी क्लायंटला भाषांतर हवंय की मूळ लेखन, हे ठरवून घ्या. ही दोन वेगळी पदं आहेत आणि पगारही वेगळे असायला हवेत. मूळ लेखनासाठी जाहिरातीबाहेर बघा: पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतले लेखक, रेडिओवर लिहिणारे, वर्तमानपत्राच्या पुरवण्यांत काम केलेले. टेस्ट साधी ठेवा. एक इंग्रजी ओळ द्या आणि तिच्यातला एकही शब्द न उचलता मराठीत तीन पर्याय मागा. मग ते मोठ्याने वाचा. रेडिओवर तोंडात बसत नसेल ती ओळ बाद. गोव्यासाठी जागा असेल तर भाषा कोंकणी की मराठी आणि कोंकणी असल्यास देवनागरी की रोमन, हे आधीच विचारा. मराठी लिहिणारा कोंकणीही लिहील असं गृहीत धरू नका.

१३. उमेदवार ‘हातात’ सांगतो, क्लायंट ‘सीटीसी’ म्हणतो. बोलणी कशी जुळवू?

पहिल्या फोनवरच शेवटची पगारपावती मागा आणि सगळे आकडे वार्षिक सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या त्या माणसावरच्या एकूण खर्चात, आणा. सीटीसीत कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, विमा, कधी ग्रॅच्युइटी आणि कधी न मिळणारा बोनसही धरलेला असतो.

खरा घोळ रिटेनरवर होतो. महिना ५०,००० रिटेनर म्हणजे बहुधा १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून ४५,००० खात्यात. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा करारात असेल तरच. पगारावरच्या माणसाला रिटेनरची ऑफर देताना हा फरक कागदावर मांडून दाखवा. नाही दाखवला तर पहिल्या महिन्याच्या शेवटी त्याचा फोन येतो आणि विश्वास गेलेला असतो.

१४. ऑफर घेतात आणि जॉइनच होत नाहीत. हे थांबवता येतं का?

पूर्ण नाही, पण बरंच कमी करता येतं. नोटीस ६० ते ९० दिवसांची असली की मधल्या काळात जुनी कंपनी पगार वाढवते किंवा तिसरी ऑफर येते. म्हणून ऑफर देण्याआधीच विचारा: ‘आहात तिथेच एवढे पैसे दिले तर राहाल का?’ नोकरी सोडायचं कारण फक्त पैसा असेल तर तो माणूस बहुधा राहतो. ऑफरनंतर दोन दिवसांत राजीनामा स्वीकारल्याचा मेल बघायला मागा, आणि जॉइनिंगपर्यंत दर आठवड्याला फोन करा. राजीनाम्याचा मेल आठवडाभर येत नसेल तर दुसरा उमेदवार गरम ठेवा.

प्रवास हे मुंबईतलं फार मोठं कारण आहे आणि कुणी ते उघड बोलत नाही. डोंबिवलीच्या माणसाला गोरेगावचं ऑफिस म्हणजे बहुधा दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर बदल, रोज दोनदा. होकार देण्याआधी ऑफिसच्या वेळेत एकदा जाऊन यायला सांगा. रात्रपाळी असेल तर तीही आधीच सांगा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिलांना त्यांच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षा व प्रवासाची सोय मालकानेच करायची असते.

१५. क्लायंट मोठी फुकट टेस्ट देतो. उमेदवार चिडतात. मी काय करू?

उमेदवारांची बाजू घ्या. टेस्ट दोन-तीन तासांत होणारी असावी आणि चालू क्लायंटच्या खऱ्या ब्रीफवर नसावी. दिवसभराचं काम हवं असेल तर पैसे द्यायला सांगा. उमेदवार हा कर्मचारी नसतो, त्यामुळे टेस्टमधल्या कामाचा कॉपीराइट त्याचाच राहतो. लेखी हस्तांतर झाल्याशिवाय क्लायंटला ते वापरता येत नाही, हे क्लायंटला मेलवर स्पष्ट लिहा. टेस्ट दिलेल्या प्रत्येकाला निकाल कळवा, नकार असला तरी कारणासह. हे क्षेत्र छोटं आहे आणि टेस्ट घेऊन गप्प बसणाऱ्याचं नाव सगळीकडे पोचतं.

१६. फी किती घ्यायची आणि हातात किती पडतं? क्लायंटने पैसे अडवले तर?

कनिष्ठ आणि मधल्या पदांसाठी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा रुळलेला दर आहे. वरच्या किंवा दुर्मीळ पदांना १२ ते २० टक्के मिळतात. ९ लाखांच्या माणसाचं गणित असं: फी ७४,९७०. त्यावर १८ टक्के जीएसटी १३,४९४.६०. बिल ८८,४६४.६०. क्लायंट फीवर १० टक्के टीडीएस कापतो, ७,४९७. खात्यात ८०,९६७.६०. त्यातला जीएसटी सरकारचा, म्हणून तुमचे ६७,४७३, आणि कापलेला टीडीएस विवरणपत्र भरताना जमेला येतो.

करारात चार गोष्टी हव्याच. फी जॉइनिंगनंतर किती दिवसांत मिळणार. ९० दिवसांत माणूस सोडून गेला तर एकदाच बदली देणार, पैसे परत नाही. कंपनीनेच पद रद्द केलं तर बदलीची हमी लागू नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या उमेदवाराला पुढच्या १२ महिन्यांत कोणत्याही पदावर घेतलं तरी फी लागू. ही शेवटची ओळ नसते तेव्हाच उमेदवार मागच्या दाराने घेतले जातात.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, ती करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. बऱ्याचदा तेवढ्यानेच पैसे हलतात.

१७. घरातून स्वतःची कन्सल्टन्सी सुरू करायला काय काय नोंदण्या लागतात?

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, क्लायंट दुसऱ्या राज्यात असला तरी. मोठ्या एजन्सी मात्र जीएसटी क्रमांकाशिवाय व्हेंडर म्हणून घेत नाहीत, म्हणून अनेक जण स्वेच्छेने घेतात. जीएसटीत कायम नियुक्तीच्या सेवेचा कोड ९९८५१२. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५००. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने कायद्याखाली नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना पुरते. परदेशातल्या नोकरीसाठी इथून माणसं पाठवायची असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी: उत्प्रवास कायदा, १९८३ नुसार भरती एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि तिच्याशिवाय ते काम हातात घेऊ नका.

१८. उमेदवाराकडून थोडी नोंदणी फी घेतली तर चालेल का?

घेऊ नका. फी क्लायंट देतो. उमेदवाराकडून एकदा पैसे घेतले की कामाला येणारा आणि पैसे देणारा यांत तुमची निवड अडकते. नोंदणी फी, पोर्टफोलिओ शूट, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ या नावांनी फसवणूक करणारे खूप आहेत. त्यांच्यासारखं दिसणंसुद्धा टाळा. सीव्ही क्लायंटला पाठवण्याआधी दर वेळी कंपनीचं नाव सांगून संमती घ्या आणि ती मेल किंवा व्हॉट्सअॅपवर जपून ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा गाभाही तोच आहे.

१९. काही अडचणीचे प्रसंग: गोपनीय काम, दोन कन्सल्टंट, स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी?

गोपनीय काम: सिनेमा किंवा मालिका प्रदर्शित होईपर्यंत शॉट दाखवायची परवानगी नसते. पासवर्ड लावलेली लिंकसुद्धा करारभंग ठरू शकते. उमेदवाराला ते काम मागू नका. जुनं काम बघा आणि बाकीचं मुलाखतीत विचारा.

दोन कन्सल्टंट: एकाच उमेदवाराचा सीव्ही दोघांनी पाठवला तर ज्याच्या मेलची वेळ आधीची आणि ज्याच्याकडे उमेदवाराची संमती, त्याचा हक्क. संमती नसेल तर आधी पाठवूनही भांडू नका.

आपण बसवलेला माणूस: क्लायंटकडे नेमून दिलेल्या माणसाला दुसरीकडे हलवू नका. तो स्वतःहून आला तर वेगळं, पण मेलवर त्याने स्वतःहून संपर्क केल्याची नोंद हवी.

स्पर्धक कंपनीवर बंदी: नोकरी सुटल्यानंतरची अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गुप्तता आणि क्लायंट न पळवण्याच्या अटींचं तसं नाही, त्या गांभीर्याने घ्या. पत्र जड भाषेत असेल तर वकिलाला दाखवायला सांगा.

२०. स्टुडिओ अचानक बंद झाला आणि शेकडो आर्टिस्ट एकदम बाजारात आले. त्यांच्याकडे रिलीव्हिंग लेटरही नाही. काय करावं?

असं घडतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या आर्टिस्टांवर हीच वेळ आली. अशा वेळी काही कंपन्या अर्ध्या पगारात माणसं मागतात. त्यांना समजावून सांगा की अर्ध्या पगारात आलेला आर्टिस्ट बाजार सावरला की पहिल्या संधीला जातो आणि चालू शो अर्धवट राहतो. यादी करताना पद आणि सॉफ्टवेअरबरोबर कोण किती दिवस थांबू शकतो हेही लिहा. घरभाडं तुंबलेल्याला दोन महिन्यांचं फ्रीलान्स काम आधी मिळवून द्या, कायम नोकरी नंतर बघू.

रिलीव्हिंग लेटर नसलं तरी अनुभव सिद्ध करता येतो. यूएएन या पीएफ क्रमांकाखालच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि असल्यास सोडल्याची तारीख असते. आयकराच्या २६एएस या करकपातीच्या विवरणात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यापर्यंत टीडीएस भरला ते दिसतं. त्याला नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि बँकेचं विवरण जोडा, आणि या सगळ्या कागदांतल्या तारखा जुळतात ना, ते क्लायंटच्या एचआरला पाठवण्याआधी स्वतः तपासा. पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख नसेल तर शेवटचा वाटा जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी उमेदवाराला ती पोर्टलवर स्वतः भरता येते.